वाडीत फुकट दुकान सुरू केलंय, पण लोक घ्यायला लाजतात. काय करावं?

सुरूबन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण वाचून उत्तर द्या ही विनंती.

आमची वाडी गुहागर तालुक्यात, पालशेतच्या अलीकडे. पोरं कमी झाली तशी शाळेची एक खोली रिकामी पडली होती. ग्रामपंचायतीने ती बचत गटाला वापरायला दिली आणि शिमग्यानंतर आम्ही काही जणींनी तिथे एक दुकान मांडलं. पैसे नाहीत, गल्ला नाही. ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्याने आणून ठेवायचं, ज्याला हवं त्याने घेऊन जायचं. शहरात माणुसकीची भिंत असते त्यातलाच प्रकार, फक्त आमच्याकडे डोक्यावर छप्पर आहे आणि आळीपाळीने कोणीतरी बसलेलं असतं. पगार कोणालाच नाही.

आता अडचणी सांगते. ज्यांना खरी गरज आहे ते दिवसाढवळ्या येत नाहीत. "आमच्यावर काय अशी वेळ आलीय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! आणि त्याच घरातली सून रात्री मागच्या दाराने येऊन विचारते, "काकी, पोराच्या मापाचा रेनकोट आला तर बाजूला ठेवाल?" मी ठेवते, पण हे असं लपूनछपून चालणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईकरांची. मे महिन्यात गाड्या भरून येतात आणि गोण्या ओतून जातात. जरीचे घागरे, लग्नातल्या शेरवान्या, एका पायाचे बूट, मुदत संपलेली औषधं. ते निवडण्यातच आमच्या दुपारी जातात.

तिसरी, एक गृहस्थ तीनचार वेळा पिशव्या भरून कपडे घेऊन गेले. ते शृंगारतळीच्या बाजारात विकतात असं लोक म्हणतात. त्यावर गावात चर्चा सुरू झाली की आधार कार्ड बघूनच वस्तू द्या, वहीत नाव लिहा, सही घ्या.

आणि चौथं म्हणजे पाऊस तोंडावर आलाय. खोली चिऱ्याची आहे, भिंतींना ओल येते. कपड्यांचं काय करायचं?

कोणी असं काही चालवलं असेल तर अनुभव सांगा. मला हे बंद पडू द्यायचं नाही.

लालबागचा चाकरमानी

ताई, आधी मुंबईकरांच्या वतीने बोलतो. गोण्या ओतण्याची गोष्ट खरी आहे आणि ती थांबली पाहिजे. आमच्या गावच्या मुंबई मंडळाची दर महिन्याला सभा होते. तुमच्याही वाडीचं मुंबई मंडळ असणारच. त्यांना पत्र द्या, काय हवं आणि काय नको याची यादी जोडा, आणि गणपतीच्या आधीच्या सभेत ती वाचून दाखवायला सांगा. गणपतीला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. त्याला काय आणायचं ते सांगितलं की तो नीट आणतो.

वहीबाबत मात्र मी ग्रामस्थांच्या बाजूचा आहे. हिशोब नसला की संशय येतो. आमच्या मंडळात पै-पैचा हिशोब वार्षिक सभेत मांडतात, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय. आधार वगैरे नको, पण नाव आणि वस्तू लिहायला काय हरकत आहे?

वाशिष्ठीकाठ

सुरूबन ताई, मी चिपळूणची. आमच्या आळीत असंच एक दुकान पुरानंतर उभं राहिलं आणि अजून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. 2005 चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणाली की असं पाणी बघितलं नव्हतं. ओसरल्यावर सगळीकडे गाळ. महाराष्ट्रभरातून पोरं आली, फावडी घेऊन गाळ उपसला, जेवण दिलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्याच गाड्यांबरोबर कपड्यांचे ढीगही आले. रस्त्याकडेला ओतलेले, वरून पाऊस. जिच्या घरातलं सगळं गेलं होतं तिला हवा होता एक कोरडा परकर, पोराची चड्डी, अंगावर घ्यायला चादर. ढिगात काय? टाय आणि कोट. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झालं होतं. तिथले टाकून दिलेले ढीग गूंज या संस्थेने उचलले, निवडले आणि वापरात आणले.

आमच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी त्या ढिगाशी बसल्या आणि निवडायला लागल्या. त्यांचं स्वतःचं मशीन गाळात होतं. मी त्यांच्या बाजूला बसले, मग आणखी दोघी आल्या. निवडलेलं मांडायला कोणाची तरी ओटी मिळाली. दुकान काढायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. पूरग्रस्तच निवडत होते, पूरग्रस्तच घेत होते, त्यामुळे देणारा कोण आणि घेणारा कोण हे वेगळं करताच येत नव्हतं. तुमच्या लाजेच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. लाज वस्तू घेण्याची नसते. समोरचा देणारा, आपण घेणारे, आणि हे उलटं कधीच होणार नाही, याची असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की घेणाऱ्याला द्यायला जागा ठेवा. त्याने त्याच वस्तूची परतफेड करावी असं नाही. आमच्याकडे एक नेपाळी राखणदार येतात, आंब्याच्या बागेत हंगामभर राहणारे. थंडीच्या सुरुवातीला आले तेव्हा कुटुंबाकडे एकच कांबळं होतं. त्यांनी दोन रजया नेल्या. आंबा संपून गावी निघाले तेव्हा त्या रजया धुऊन, उन्हात वाळवून, सुतळीने बांधून आणून ठेवल्या, आणि वर अर्धा दिवस बसून आमच्या फळ्यांचे सुटलेले खिळे ठोकून दिले. कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या हंगामात ते आले तेव्हा थेट आत येऊन "काय काम आहे?" असं विचारलं. गूंजसुद्धा गावांत कपडा दान म्हणून वाटत नाही. गाव स्वतःची विहीर, रस्ता, बंधारा दुरुस्त करतं आणि त्या कष्टाचा मान म्हणून सामान घेतं.

हे आपल्याला नवीन नाही हो. लावणीला सावड असते, आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. वाडीच्या मंडळाची भांडी असतात, मोठे टोप, परात, सतरंज्या. लग्न असो, सत्यनारायण असो, कोणीही नेतो आणि घासून परत आणतो. श्रीमंत घरातलं कार्य असलं तरी टोप मंडळाचाच येतो. त्याला कोणी भीक म्हणत नाही. मी तर म्हणेन तुमच्या खोलीत एक कपाट याच पद्धतीचं करा. नेऊन परत आणायच्या वस्तूंचं. इडलीपात्र, पाटा, शिडी, ड्रिल मशीन, कुबड्या, आजारी माणसाचं बेडपॅन, बाळाचा पाळणा. या वस्तू न्यायला सरपंचांच्या घरचेही येतील. सरपंचांच्या घरचे आले की बाकीच्यांची लाज निम्मी जाते. आमच्याकडे तसंच झालं, डॉक्टरांच्या घरून कुबड्या न्यायला आले त्या आठवड्यात.

आणि तुम्ही स्वतः दुकानातून घ्या. सगळ्यांसमोर. मी आत्ता हे लिहिताना अंगावर घातलेला गाऊन तिथलाच आहे.

गोण्यांबद्दल. दारातच निवडायचं, आणि जे नको ते आणणाऱ्याच्याच हातात परत द्यायचं. हे जड जातं, विशेषतः आणणारा वयाने मोठा असला की. पण आम्ही त्यांना आत बोलावतो, खुर्ची देतो आणि म्हणतो, "काका, बसा, आपण दोघं मिळून उघडू." स्वतःच्या हाताने फाटका बनियन बाहेर काढावा लागला की पुढची गोणी आपोआप स्वच्छ येते. औषधं, वापरलेली अंतर्वस्त्रं, गाद्या आणि हेल्मेट आम्ही घेत नाही. विजेची वस्तू असेल तर बोर्डाला लावून चालवून दाखवायची. कुकर आला तर आम्ही रिंग बदलतो, शिट्टी पाण्यावर काढून बघतो आणि झाकणाला चिठ्ठी बांधतो: "रिंग नवी. शिट्टी तपासली. तळाला एक पोचा, चालतो." ती चिठ्ठी बघून माणूस तो कुकर विश्वासाने उचलतो. चिठ्ठीविना तोच कुकर महिनोन्‌महिने पडून राहायचा.

जरीचे घागरे फेकू नका. वहिनी त्यांच्या पिशव्या शिवतात आणि गौरीच्या आधी गौरींसाठी लहान साड्या काढतात. त्या पहिल्या दिवशीच संपतात.

विकणाऱ्या गृहस्थांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. एका फेरीत एका माणसाने किती नग न्यायचे एवढी पाटी लावा, आणि ती सगळ्यांना सारखी लागू करा. त्याउपर कोण काय करतो ते बघू नका. जो माणूस जुने शर्ट बाजारात विकून चार पैसे मिळवतो त्यालाही ते चार पैसे हवेच असणार. त्या एकासाठी वही ठेवलीत तर रेनकोट मागणारी ती सून रात्रीसुद्धा येणार नाही.

लालबागच्या दादांना एवढंच म्हणेन की हिशोब जरूर ठेवावा, पण खर्चाचा. वीजबिल, सुया-दोरे, कुकरच्या रिंगा हे सगळं आम्ही फळ्यावर लिहितो. कोणी काय नेलं याचा हिशोब मात्र नाही. फोटोही नाही. एका पुढाऱ्याने वाढदिवसाला इथे साड्या वाटायच्या, बॅनर लावायचा असं सुचवलं होतं. आम्ही सांगितलं, साड्या फळीवर ठेवून जा, बॅनर नको. त्यांनी साड्या ठेवल्या नाहीत. चालतं.

आता पाऊस. जूनपासून गणपतीपर्यंत कपडे घेणं बंद करा. आहे ते पत्र्याच्या झाकणाच्या डब्यांत किंवा ड्रममध्ये, कडक उन्हात वाळवून मगच भरायचं. कोमट कपडे लगेच भरू नका, निवू द्या, नाहीतर आत घाम धरतो. जुनं लाकडी कपाट असेल तर खालच्या कप्प्यात पिवळा बल्ब लावून ठेवा, आपल्याकडे हार्मोनियम आणि पोथ्यांसाठी लावतात तसा. एलईडीचा उपयोग नाही, त्याची ऊब येत नाही. बल्ब आणि कापडात हातभर अंतर हवं आणि रात्री बंद करायचा. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं पुढे ओढा. कसर लागू नये म्हणून आम्ही कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो. डांबराच्या गोळ्यांचा वास लहान मुलांच्या कपड्यांतून लवकर जात नाही.

तळकोकणी

बाये, मालवणीत लिवतंय, समजान घे. तू कपड्यांपासून सुरुवात केलंस हयच घोळ आसा. फणस घेवक कोणाक लाज वाटता? झाडाक धा फणस पिकतत, एका घरात खावन होनत नाय, म्हणान शेजाऱ्याक देतत. तसाच त्या खोलयेत पयल्या फळयेर अळवाचे कांदे, वालीचो बी, मिरशीची रोपा, सुरणाचो तुकडो ठेव. बी घेवक सगळे येतत, पाटील पण आणि गडी पण. येकदा पाय आत पडलो काय मगे कपड्यांकडे नजर जाता.

आणि येक. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दोन म्हयन्यात खलाशांच्या घरात पैशे नसतत. तेवाच शाळा सुरू. दप्तरा, छत्र्यो, रेनकोट मे म्हयन्यातच जमव. जुलैत जमवून उपेग नाय.

इतिहासवेडा

थोडी माहिती, चर्चेला पूरक म्हणून. 1966 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को शहरात हेट-ॲशबरी या वस्तीत 'डिगर्स' नावाच्या गटाने अशी फुकट दुकानं चालवली होती. तिथे कोणी "इथला मालक कोण?" असं विचारलं की त्यालाच सांगत, "तुम्हीच." त्यांनी नाव घेतलं होतं 1649 मधल्या इंग्लंडच्या डिगर्सवरून, जे पडीक सामाईक जमीन एकत्र कसत होते. माणुसकीची भिंत ही कल्पना 2015 मध्ये इराणमधल्या मशहद शहरातून गाजली. गरज नसेल तर ठेवा, गरज असेल तर घ्या, असं त्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

वाशिष्ठीकाठ यांनी सावडीचा उल्लेख केला तो मला महत्त्वाचा वाटतो. डिगर्सची दुकानं फार वर्षं टिकली नाहीत. आपल्या वाड्यांमधली भांडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकलीत, कारण ती कोणा एका गटाच्या उत्साहावर नाही, गावकीच्या रोजच्या गरजेवर उभी आहेत.

सुरूबन

सगळ्यांचे मनापासून आभार. तळकोकणी, तुमचं पटलं. काल आमच्या सासूबाईंनी परसातली अळवाची रोपं आणि गावठी तोंडलीचे वेल खोलीच्या दारात ठेवले, आणि संध्याकाळपर्यंत काही उरलं नाही. न्यायला आलेल्यांमध्ये एक जण अशी होती जी आजवर उंबऱ्यापर्यंतही आली नव्हती. ती जाताना खारवीवाड्यात जुनी जाळी पडून आहेत म्हणाली, हवीत का? मी हो म्हटलं, पण जाळ्यांचं आम्ही करायचं काय?

आणि वाशिष्ठीकाठ ताई, शेवटची शंका. लावणी सुरू झाली की आम्हा बायकांपैकी कोणालाच बसायला जमणार नाही. तुम्ही पाळ्या कशा लावता?

वाशिष्ठीकाठ

अहो, जाळी लगेच घ्या! आमच्याकडे सगळ्यात आधी संपणारी वस्तू तीच आहे. माकडांनी आणि कोंबड्यांनी परसबागा नकोशा केल्यात, आणि नवं कुंपण कोणाला परवडतं? फाटक्या जाळ्याचा मोठा तुकडा मिळाला की भाजीचा वाफा झाकता येतो. बारीक डोळ्याचं आणि मोठ्या डोळ्याचं वेगळं ठेवा. बारीक डोळ्याचं रोपांवर लागतं, मोठ्या डोळ्याचं नारळ बांधून न्यायला आणि कुंपणाला. गोड्या पाण्यात एकदा खळबळून घ्या, नाहीतर खाऱ्याने वाफ्यातली माती बिघडते आणि वासाने मांजरं येतात. मुख्य म्हणजे खारवीवाड्यातल्या त्या बाईंनाच विचारा की दुपारी येऊन जाळं कसं कापायचं आणि कडेने कसं विणून घ्यायचं ते दाखवतील का. आमच्याकडे एका आजींनी दाखवलं. त्या स्वतः दुकानातून काही न्यायला तयार नव्हत्या. आता त्या शिकवायला येतात, आणि जाताना नातवाची वह्या-पुस्तकं घेऊन जातात. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात, पण नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. म्हणून ती आम्ही एप्रिलमध्येच दहावीच्या मुलांकडून गोळा करून ठेवतो.

पाळ्यांचं म्हणाल तर लावणीत बंद ठेवा. खरंच. दारावर तारीख लिहा, "लावणीमुळे बंद, अमुक वारी उघडेल", आणि त्या वारी नक्की उघडा. कधीतरी उघडं, कधीतरी बंद असं झालं की लांबच्या वाडीवरून चालत आलेला माणूस पुन्हा येत नाही. एरवी आठवड्यातून दोनच वेळा, ठरलेल्या दोन तासांत, पण न चुकता. एक वेळ बाजाराच्या दिवशीची ठेवा, म्हणजे बाया तशाही बाहेर पडलेल्या असतात आणि कोणी विचारलं तर "बाजाराला चाललेय" म्हणता येतं.

बसायला माणसं हवी असतील तर जवळच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना भेटा. त्या मुलांना वर्षाला 120 तास सेवा द्यावी लागते आणि पुष्कळदा ते तास झाडलोटीत जातात. आमच्याकडे मुलगे कुकर आणि मिक्सर तपासायला बसतात, मुली मापं लावून चिठ्ठ्या लिहितात. हल्ली उलटंही होतं. एकटीवर किल्ली ठेवू नका. निदान तिघींकडे असू दे, आणि त्यातली एक अशी जी दुकानातून नियमित वस्तू नेते.

पिवळे बल्ब हल्ली दुकानात शोधावे लागतात. आमच्याकडे कोणीतरी खोकं भरून आणून ठेवलेत, तेवढे आम्हाला लागणार नाहीत. चिपळूणला कोणी येणार असेल तर इथेच निरोप टाका, आणि येताना तोंडलीचे वेल उरले असतील तर घेऊन या. आमच्या फळीवर नाहीत.